जुन्या जादूगाराच्या ट्रंकेतलं साहित्य: घासावं, रंगवावं की तसंच ठेवावं?

पेटीबंद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

रंगमंचावर जादूचे प्रयोग करणाऱ्या एका दिवंगत जादूगारांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली आहे. त्यांच्या मुलीला घर रिकामं करायचं होतं. "भंगारात घालवत नाही, तुम्ही नीट ठेवाल म्हणून देते," असं म्हणून त्यांनी ती दिली. मला शाळेपासून हातचलाखीचा नाद आहे, पण जुन्या वस्तू जमवण्याचा अनुभव शून्य.

आत निघालं ते असं: एक पितळी लोटा. एकाच मापाचे दोन पितळी वाडगे. निकेलचा मुलामा असलेलं घुमटाकार झाकणाचं भांडं. गोळा ठेवायची कातीव लाकडी डबी. दोन दारांची एक लाल पेटी, तिच्यात बसणारा मोठा लाकडी फासा. लोखंडी कड्या ८. रेशमी रुमालांचं गाठोडं, पिसांची फुलं. काळ्या कापडाची रिकामी पिशवी. एक वही, निम्मी पानं सुटलेली. आणि तळाशी कचरा: लोंबणारं इलॅस्टिक, दोऱ्याचे गुंते, वाळलेल्या मेणाचा गोळा, वाकडी तार, कशाच्या तरी पॅकिंगमधली पिवळट गोल चकती.

लोटा काळाठिक्कर होता. परवा पितळ घासायचं पॉलिश आणून आरशासारखा केला. लाल पेटीला ओरखडे आहेत, ती रविवारी रंगवायचा विचार आहे. कचरा काढून टाकतो. बाकीच्याचं काय करावं?

---

जुनी_कळ

रविवार रद्द करा. ब्रश खाली ठेवा. आणि तो "कचरा" अजून टोपलीत गेला नसेल तर परत ट्रंकेत टाका, मग पुढचं वाचा.

जादूच्या साहित्यात उलटा न्याय असतो. प्रेक्षकांना दिसावं म्हणून बनवलेली वस्तू देखणी असते. दिसू नये म्हणून बनवलेली वस्तू मुद्दाम कुरूप, काळी, बारीक किंवा पारदर्शक असते. खेळ चालतो तो या दुसरीवर. ट्रंक उघडली की घरचे लोक देखणं तेवढं उचलतात आणि कुरूप ते झाडून काढतात. म्हणून बाजारात अर्धवट संच इतके दिसतात.

त्या पिवळट चकतीचं माप वाडग्याच्या काठाशी ताडून बघा. कारण इथे लिहिणार नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

रुमाल_ते_कबूतर

जुनी_कळ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी अजून प्रयोग करतो, माझ्या बॅगेचा तळ बघाल तर तुम्हीही झाडू आणाल.

काळी पिशवी उलटी करून, झटकून पाहिलीत ना? रिकामी दिसली? दिसणारच :)

इलॅस्टिक कापू नका. ते आता ताणणार नाही, रबर मेलेलं असतं, पण त्याची लांबी आणि टोकाची पिन बघून त्या माणसाच्या हाताचं माप कळतं. आणि वही कुठे आहे? वहीबद्दल एक ओळ लिहून सोडून दिलीत, तीच आधी उघडा.

---

पेटीबंद

व्यनि मिळाला. चकती वाडग्यावर ठेवली. डोकं धरून बसलोय. मी ती दोनदा केराच्या टोपलीत टाकली होती, एकदा तर पुठ्ठा समजून पेन्सिलीने तिच्यावर हिशेब केला आहे.

वहीत खेळ कसे करायचे असं काही नाही. "बँड थांबला की डावा खिसा", "लाल, लाल, हिरवा, मग गाठ", "लोटा टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर, तोंड माझ्याकडे", एवढंच. काही पानांवर नुसते आकडे.

---

रुमाल_ते_कबूतर

एवढंच?! अहो, खेळ कसा करायचा ते पुस्तकात मिळतं. या माणसाने कोणत्या क्रमाने, कोणत्या खिशातून आणि बँडच्या कोणत्या ठोक्यावर केला, ते फक्त त्या वहीत आहे. पानं सुटी असतील तर आहेत त्याच क्रमाने आधी फोटो काढा. "नीट" लावायला जाऊ नका.

---

कातारी_आबा

नमस्कार. मी जादूगार नाही, लाकूड कातण्याचा छंद आहे, त्या वाटेने या साहित्यापर्यंत पोचलो. या क्षेत्रातले मोठे कारागीर बरेचदा असेच दुसऱ्या धंद्यातून आलेले. लॉस एंजेलिसचे फ्लॉइड थेयर मूळचे कातारी, आणि त्यांच्या कारखान्यातल्या कातीव डब्या आजही हातात घेतल्या की झाकण हवेवर उतरतं.

पेटीबंद, तुमची गोळ्याची डबी उघडताना झाकणाच्या किती जागी फट दिसते? उत्तर इथे देऊ नका, फक्त मोजा. लाकूड दमट हवेत फुगतं, आणि आतला पातळ भाग अडकला की लोक चिमट्याने ओढतात. ओढायचं नाही. ती कोरड्या खोलीत आठवडाभर राहू द्या, आपोआप सुटेल. तेल तर अजिबात घालू नका.

लाल पेटीचे ओरखडे कुठे आहेत? दारांच्या कडेला एकाच बाजूला, अर्धवर्तुळात असतील तर ती अंगठ्याच्या नखाची खूण आहे. शेकडो प्रयोगांत तिथेच नख लागलं. त्यावर रंग मारला की पेटी नवी दिसेल आणि मुकी होईल.

आता माझं पाप सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मला एक असाच लोटा मिळाला होता. पाणी भरून पाहिलं तर एका जागी गळत होता. टाचणीच्या टोकाएवढं भोक. मी उत्साहाने डाख देऊन ते बुजवून आणलं आणि वर कल्हई करून घेतली. वर्षभराने एका जुन्या जादूगाराला दाखवला. त्यांनी लोटा हातात घेतला, बोट फिरवलं, थांबले, आणि म्हणाले, "याचा श्वास कोणी कोंडला?" पुढे काही बोलले नाहीत. मलाही धाडस झालं नाही.

---

जुनी_कळ

आबा, हा किस्सा मी तिसऱ्यांदा ऐकतोय आणि तिसऱ्यांदा पोटात खड्डा पडला.

---

शंकेखोर

वस्तू किती जुनी, याबद्दल कोणीच बोललं नाही. भावनेत वाहून जाण्याआधी स्क्रू बघा.

सरळ एका खाचेचा स्क्रू कोणत्याही काळातला असू शकतो. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू मात्र १९३० च्या दशकात बाजारात आला. "१८९० ची पेटी" म्हणून दाखवतात आणि बिजागरीत फिलिप्स स्क्रू असतात, म्हणजे एकतर पेटी नंतरची किंवा बिजागरी बदललेली. बदललेली असेल तर जुन्या स्क्रूची भोकं शेजारी बुजवलेली सापडतात. भिंग घ्या.

तळाचा शिक्काही बोलतो. ब्रिटनमध्ये १८८७ साली परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावणारा कायदा झाला. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यातही तशीच अट होती. त्यामुळे "मेड इन जर्मनी" असलेला पत्र्याचा डबा त्याआधीचा असण्याची शक्यता फार कमी. "ऑक्युपाइड जपान" (म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातला जपान) असेल तर दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा, इतकं नेमकं.

तिसरं म्हणजे खुद्द खेळाचं वय. बाईला पेटीत घालून करवतीने कापायचा खेळ पी. टी. सेल्बिट यांनी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये जानेवारी १९२१ मध्ये लोकांपुढे केला. मधला भाग बाजूला सरकवायचं ते झिगझॅग कपाट रॉबर्ट हार्बिन यांचं, १९६५ चं. एका विक्रेत्याने मला "दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं" झिगझॅग कपाट दाखवलं होतं. मी म्हटलं, मग हार्बिन यांनी ते भविष्यात जाऊन चोरलं असणार.

---

रुमाल_ते_कबूतर

हार्बिन यांचा विषय काढलात म्हणून. त्यांनी १९७० साली आपल्या खेळांचं पुस्तक फक्त ५०० प्रतींचं काढलं, आणि ज्याच्याकडे प्रत त्याला त्यातली साधनं बनवायची मुभा. म्हणून अशा कपाटांच्या बाबतीत "अस्सल की नक्कल" एवढंच विचारून भागत नाही. परवानगीने बनवलेलं, चोरून बनवलेलं आणि खुद्द त्यांच्या हातचं, हे तीन वेगळे प्रकार. दिसायला तिन्ही जुळी भावंडं.

---

तिसरी_रांग

जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी फक्त प्रेक्षक. मला हे सगळं थोडं खिन्न करणारं वाटतं. जादूची वस्तू म्हणजे प्रयोगाच्या वेळची दहा मिनिटं. त्यानंतर ती कपाटात काचेमागे ठेवायची, तिचं रहस्य सांगायचं नाही, खेळ करायचा नाही, रंगवायची नाही, घासायची नाही. मग करायचं काय? वाद्यं जमवणारा निदान कधी तार छेडतो.

---

जुनी_कळ

रास्त प्रश्न. दोन गोष्टी सांगतो, त्यातून उत्तर निघेल असं नाही.

१९२८ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे एका कुटुंबाकडून पितळी यंत्राचे तुकडे आले. आगीत होरपळलेली, लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाहुली. त्या घरात समज असा की ती मेल्झेल या यंत्रकारांनी बनवली. तिथल्या कारागिराने ती जुळवली, हातात लेखणी दिली, चावी भरली. बाहुलीने चित्रं काढली, कविता लिहिल्या, आणि शेवटच्या कवितेच्या कडेला फ्रेंचमध्ये लिहिलं: "मेयार्दे यांच्या यंत्रबाहुलीने लिहिले." बनवणाऱ्याचं नाव खुद्द वस्तूने सांगितलं. ती काचेमागे तशीच ठेवली असती तर आजही मेल्झेल यांच्या नावावर असती. म्हणजे तुमची बाजू बळकट.

आता उलट बाजू. बंधनांतून सुटून दाखवणारे जादूगार हुडिनी यांची पाण्याची छळपेटी, पाय वर डोकं खाली टांगून आत सोडायची ती, त्यांनी १९१२ साली बर्लिनमध्ये रंगमंचावर आणली. १९९५ साली नायगारा फॉल्सच्या संग्रहालयाला आग लागली, त्यात ती सापडली. धातूचा सांगाडा बराचसा वाचला, बाकी जळलं. जादूचं साहित्य बनवणारे जॉन गॉन यांनी ती पुन्हा उभी केली. काम अप्रतिम. पण जिच्या काचेवर हुडिनी यांचा श्वास लागला ती हीच पेटी का? मी तरी या प्रश्नावर दर काही महिन्यांनी मत बदलतो.

---

तिसरी_रांग

बाहुलीची गोष्ट जबरदस्त. अंगावर काटा आला. माझी तक्रार निम्मी मागे घेतो.

---

शंकेखोर

अवांतर: हुडिनी यांच्या "स्वतःच्या" म्हणून विकायला आलेल्या हातकड्या पाहिल्या की वाटतं, माणूस आयुष्यभर हातकड्याच खरेदी करत होता. मालकीचा माग कागदावर नसेल तर ती फक्त हातकडी. चांगली हातकडी असू शकते, पण फक्त हातकडी.

---

धूळझटक

मी वस्तुजतनाचं काम करते (जादूशी संबंध नाही). दोन दिवस हा धागा वाचतेय आणि एका गोष्टीने अस्वस्थ आहे, म्हणून खास लॉगिन केलं.

पेटीबंद, ती पिवळट चकती, आणि ट्रंकेत हलके पोकळ गोळे असतील तर तेही, बहुतेक सेल्युलॉइडचे (जुन्या काळातलं प्लास्टिक) आहेत. तसं असेल तर ते पितळ आणि रेशमाच्या शेजारी ठेवू नका. सेल्युलॉइड वयोमानाने पिवळं पडतं, मग चिकट होतं, भेगाळतं, आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. ती वाफ शेजारचं पितळ हिरवं करते आणि कापड जाळते. कापरासारखा वास येणं स्वाभाविक, कारण त्यात कापूरच असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास आला तर मात्र वेगळी वेळ आली समजा. हवाबंद डब्यात कोंडू नका, वाफ आतच साठून खराबी वाढते. थंड, हवेशीर जागा, एकेक वस्तू वेगळी. आणि ज्योत, हेअर ड्रायर, उन्हाची खिडकी यांपासून लांब. हा पदार्थ भडकतो.

रुमालांना इस्त्री नको. जुनं रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूचे क्षार भरत असत. असं रेशीम घडीवरच चिरतं, वापरलं नाही तरी. घड्या मोडून आम्लविरहित कागदाच्या नळीवर गुंडाळा. गाठ मारलेली असेल तर सोडू नका, आधी फोटो.

पिसांच्या फुलांना कसर लागली असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे गोठवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पाणी धरेल. हातमोजे घाला. जुन्या पिसांवर कोणी काय फवारलं असेल सांगता येत नाही.

आणि निकेलच्या झाकणाच्या भांड्याला ते पॉलिश लावू नका हो. मुलामा पातळ असतो. चार वेळा घासलं की खालचं पितळ वर येतं, आणि ते परत झाकता येत नाही. मऊ कापड, फार तर सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा हलका थर.

---

पेटीबंद

ताई, खूप आभार. चकती हलवली. गोळे होते, ४, वहीच्या मागच्या पिशवीत. त्यांतल्या एकाला वेगळाच वास येतोय, तो व्हरांड्यात ठेवला आहे.

पेटी रंगवली नाही. आबा, ओरखडे अर्धवर्तुळातच आहेत. उजव्या दाराच्या खालच्या कडेला.

---

कातारी_आबा

उजव्या दाराच्या? मग बुवा डावखुरे होते की काय? वहीत "डावा खिसा" किती वेळा येतो ते मोजा बरं.

---

नवा_सदस्य_७

मीही असंच जमवायला लागलोय. माझ्याकडे ठासणीची एक जुनी बंदूक आली आहे, गोळी दातात पकडायच्या खेळातली असं सांगितलंय. चालते का बघायचं आहे. दारू कुठली वापरतात?

---

जुनी_कळ

कुठलीही नाही. हात लावू नका. आत जुनी दारू भरलेली असू शकते. शस्त्रांच्या जाणकाराकडून रिकामी करून घ्या आणि तुमच्याकडे कायद्याने काय परवाना लागतो तेही विचारा.

चुंग लिंग सू या नावाने खेळ करणारे विल्यम रॉबिन्सन २३ मार्च १९१८ ला लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये याच खेळात कोसळले, दुसऱ्या दिवशी गेले. बंदुकीत काही नवं बिघडलं नव्हतं. प्रयोगानंतर ती रिकामी करायला मागचा भाग उघडून उघडून आटे झिजले, दारू झिरपली आणि जी नळी पेटायला नको ती पेटली. वर्षानुवर्षं बिनचूक चाललेली वस्तू होती ती.

बाकी साहित्यात झीज म्हणजे मालकाची सही. बंदुकीत तसं नाही.

---

नवा_सदस्य_७

बाप रे. कपाटावर ठेवली आहे, नळी भिंतीकडे. उद्याच विचारतो.

---

पेटीबंद

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. त्या जादूगारांच्या कन्या काल येऊन गेल्या. वहीची झेरॉक्स द्यायला मीच बोलावलं होतं. मला माहीत नव्हतं, पण त्या नऊ ते सोळा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर रंगमंचावर असायच्या. फुलं त्याच धरायच्या.

वहीतल्या आकड्यांचा उलगडा झाला. ती पावलं आहेत. टेबलापासून मायक्रोफोनपर्यंत चार, तिथून विंगेपर्यंत सात. त्यांनी माझ्या बैठकीच्या खोलीत चालून दाखवलं, सातव्या पावलाला सोफा लागला.

आबा, वडील उजवेच होते. पण लहान असताना ती पेटी त्या दोन हातांवर धरून वडिलांसमोर उभ्या राहायच्या, तोंड प्रेक्षकांकडे, आणि दार मागून त्या स्वतः उघडायच्या. नखाची खूण त्यांची आहे. त्यांनी बोट ठेवून बघितलं. आता बसत नाही, बोट मोठं झालंय.

मग लोटा दाखवला. मला वाटलं, चकाकी बघून खूश होतील. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला, आणि जरा हसून म्हणाल्या, "बाबा याला कधी घासू द्यायचे नाहीत. आईने एकदा चुकून चिंच लावली तर तीन प्रयोग लोटा बाहेर काढला नव्हता." मी विचारलं, का? त्यांनी लोटा डाव्या हातात धरला, उजवा हात त्याच्यामागे नेला आणि मला समोर बसवलं.

पितळात त्यांची बोटं दिसत होती. काय करत होती तेही.

---

रुमाल_ते_कबूतर

बोंबला.

---

कातारी_आबा

मग आता?

---

पेटीबंद

उघड्या फळीवर ठेवलाय, कापड न टाकता. धूळझटक ताई म्हणाल्या की काळं करायची रसायनं मिळतात पण नको, आपोआप होऊ दे. बुडाशी किंचित तपकिरी छटा आली आहे. दर रविवारी फोटो काढतोय.